मीटरवाले नाना

काही माणसांना दुखणं बरं झालेलं आवडत नाही, त्यांचा जीव निदानातच रमतो. टेक्ससमधले आमचे नाना त्यातले. निवृत्तीनंतर त्यांनी पिकअप घेतला, मागे ओढायला दोन ॲक्सलचा कॅम्पिंग ट्रेलर घेतला आणि दोघांना जोडणारी सात पिनांची केबल हाच अभ्यासाचा विषय धरला. मल्टिमीटर गळ्यात, ताईत असावा तसा.

कॅम्पग्राउंडवर कुणी नुसतं म्हणायचा अवकाश, "नाना, माझ्या ट्रेलरचे ब्रेक हल्ली नीट धरत नाहीत." नाना हातातला चहा तसाच टाकून उठतात.

"कंट्रोलरवर गेन, म्हणजे ब्रेकचा जोर, किती ठेवलायस?"

"दहा. त्याच्या पुढे जातच नाही!"

"मग कशालाही हात लावू नकोस."

व्याख्यान सुरू. प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक, तो 12 व्होल्टला साधारण 3 अँपिअर ओढतो, म्हणजे चार चाकांचे झाले 12. निळी वायर ब्रेकची, पांढरी अर्थिंगची. ऐकणारा मान डोलावतो. तिकडे शेगडीवरची कणसं करपतात.

मग नाना उभ्या गाडीच्या सॉकेटला मीटर लावतात, कुणाला तरी आत बसवून कंट्रोलरचा खटका दाबायला लावतात. आकडा काही वर सरकत नाही. "कंट्रोलर गेला!" हे सांगताना चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही.

एकदा एका पोराने धीर करून सांगितलं, "नाना, कंपनीतूनच बसवून आलेले बरेच कंट्रोलर गाडी उभी असताना मुद्दाम कमी व्होल्ट सोडतात. शिवाय वीज तुकड्यातुकड्याने जाते, मीटर त्याची सरासरी दाखवतो."

"माहीत आहे. तुम्हाला येतं का ते बघत होतो."

तेवढ्यात काकू पॉलिश पेपर घेऊन ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी वाकल्या. पांढरी वायर चेसीला जिथे कसली होती, तिथला स्क्रू गंजून तांबडा झाला होता. त्यांनी तो काढला, खालचा पत्रा चमकेपर्यंत घासला, स्क्रू पुन्हा आवळला. "अहो, आता चालवून बघा."

मोकळ्या रस्त्यावर ताशी 25 मैलांवर नानांनी नुसता खटका दाबला. ट्रेलरने असा ब्रेक धरला की मागे बसलेल्यांच्या मांडीवर चिवड्याचा डबा सांडला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, चाकांकडे बराच वेळ पाहिलं आणि मीटर चालू केला.

"चाकं लॉक होतायत. आता हे का, ते शोधायला हवं."

"गेन दहावरच आहे, नाना. कमी करू?"

"हात लावू नकोस!"