धावतं इंग्रजी

तीन रोमन अक्षरांचं ‘रन’. ऑक्सफर्डच्या कोशात या एका क्रियापदाचे अर्थ मोजले, ते भरले ६४५. कोशकार पीटर गिलिव्हर यांचे त्यात नऊ महिने गेले. तेवढ्यात घरात पाळणा हलतो! त्याआधी, १९८९च्या आवृत्तीत, सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’कडे होता, त्याचे ४३० अर्थ.

इंग्रजीत काय धावत नाही? नळ धावतो, नाक धावतं, धुतल्यावर कपड्याचा रंग धावतो, मोज्याचा धागा उसवला तरी तोही धावतच सुटतो. कारखाने, दुकानं, बसगाड्या, यंत्रं सगळी धावतात. आपल्याकडे हीच मंडळी चालतात. गाडी चालते, घड्याळ चालतं, दुकान चालतं, नवरा-बायकोचं पटत नसलं तरी संसार चालतो. चहात साखर नसली तरी चालते. खटला तर आजोबांपासून चालत आलेला असतो; त्याला कुणी धावायला सांगितलेलं ऐकिवात नाही.

निवडणुकीपुरता मात्र इंग्रजांचा दम संपतो. अमेरिकेत उमेदवार धावतो, पण ब्रिटनमध्ये तो नुसता उभा राहतो. आमचाही उभाच राहतो. निवडून आला की बसतो. मग पाच वर्षं आपण त्याच्यामागे अर्ज घेऊन जे करतो, त्याला मात्र मराठीतही धावणंच म्हणतात.