स्टेशनमास्तर चार वाजता घरी जातात

क्योटोत फुशिमी इनारीच्या लाल कमानींखाली आम्ही उभे होतो. पुढे माणसं, मागे माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात उंच धरलेला मोबाइल. सौ. म्हणाली, "अहो, पूल दादरचाच आहे, फक्त रंग दिलाय."

पस्तीस वर्षं बोरिवलीहून चर्चगेटची फास्ट पकडून बँकेत गेलो. गर्दीचं मला वावडं नाही. पण एवढे पैसे खर्चून गर्दीतच उभं राहायचं, तर ती घरी पासावर मिळते.

लेक ओसाकाला नोकरीला आहे. रात्री तिनं नकाशा उघडला. "बाबा, वाकायामाला जा. तिकडे बुलेट ट्रेन जातच नाही." जिथे बुलेट ट्रेन जात नाही तिथे माणसंही बेताचीच जात असणार, हा तिचा हिशोब. ओसाकाच्या दक्षिणेला, कीई द्वीपकल्पावरचा हा प्रांत. बहुतेक डोंगर नि जंगल, उरलेल्या जागेत संत्री आणि उमे नावाची आंबट फळं. महाराष्ट्र सरकारनं 2013 साली या प्रांताशी सहकार्याचा करार केलाय, हेही तिनंच सांगितलं. "म्हणजे सोयरीकच की," सौ. म्हणाली आणि आहेराला म्हणून चितळ्यांच्या बाकरवडीचं एक पाकीट बाजूला काढून ठेवलं.

पहिला मुक्काम कोयासान. ओसाकाहून निघालेली गाडी डोंगर चढत, बोगदे पार करत गोकुराकुबाशीला थांबते. नावाचा अर्थ स्वर्गाचा पूल. तिथून केबल कार पाच मिनिटांत उरलेला चढ चढवते. इतक्या उंचावर मठ उभारायची परवानगी कुकाई नावाच्या साधूनं 816 साली मिळवली. आज शंभरावर देवळं आहेत, आणि त्यांतल्या पन्नासेक देवळांत चक्क राहायला मिळतं.

आम्ही उतरलो त्या देवळात जेवण साडेपाचला. मुंबईत त्या वेळी आम्ही दुसरा चहा घेतो. तिसऱ्या मजल्यावरच्या जैन बेनना आमच्या पोटाची फार काळजी, म्हणून त्यांनी निघताना दोन किलो खाखरे बांधून दिले होते. इथे पाहतो तर मांस नाही, मासळी नाही, कांदा नाही, लसूण नाही. बटाटा सोडला तर बेनना बहुतेक ताट चाललं असतं. एका छोट्या वाटीत पांढुरकी, थरथरणारी चौकोनी वडी होती. सौ.चे डोळे चमकले. "खरवस!" ती अख्खी वडी तोंडात टाकून तिनं डोळे मिटले. मग एक डोळा उघडला. तो होता गोमादोफू. तीळ वाटून, कुडझूच्या कंदाचं सत्त्व घालून घोटलेला. ना दूध, ना गूळ, ना वेलदोडा. "छान आहे," ती म्हणाली, "पण आधी सांगायला हवं होतं." कोणी सांगायला हवं होतं, ते विचारलं नाही. लग्नाला चौतीस वर्षं झालीत.

वाढपी म्हणजे एक तरुण भिक्षू. दर वेळी दारात गुडघे टेकून बसायचा. मग मीही उठून गुडघे टेकायचो, तो आणखी वाकायचा, मीही. माझे गुडघे बोरिवलीच्या जिन्यांवर संपलेले. तिसऱ्या खेपेला मी तिथेच राहिलो आणि त्यानं मला हाताला धरून उठवलं.

सकाळी ओकुनोइनला गेलो. उंचच उंच सुरूसारखी झाडं आणि त्यांच्याखाली दोन लाखांवर समाध्या. सरदार, व्यापारी, साधू सगळे शेजारी शेजारी, एफएसआयचा वाद न घालता. टोकाला कुकाईंचं समाधिस्थान. 835 साली ते गेले असं इथे कोणी म्हणत नाही. ते ध्यानात बसलेत, आणि म्हणून भिक्षू रोज दोन वेळा त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. आळंदीला ज्यानं डोकं टेकलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या पुलापलीकडे फोटोला बंदी. तिथे सौ. चक्क दहा मिनिटं एक शब्द बोलली नाही.

जपानात मी चार दिवस निरक्षर होतो. पाटी वाचता येत नाही, बिस्किटाचा पुडा वाचता येत नाही. संडासातल्या बटणांबद्दल तर बोलायलाच नको. आणि इथे एका शेवाळलेल्या समाधीपाशी सौ. थबकली. पाच दगड एकावर एक रचलेले, प्रत्येकावर एक अक्षर. "अहो, हा व दिसतोय बघा." सौ. मराठी शाळेत संस्कृत शिकवायची, तिची नजर अशा बाबतीत ससाण्याची. तिथल्या एका भिक्षूनं सांगितलं, ही सिद्धम लिपी, भारतातून चीनमार्गे आलेली. कुकाई चीनमध्ये संस्कृत शिकले होते. खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश. आपली पंचमहाभूतं! अख्ख्या जपानात मला वाचता आलेलं पहिलं काही, आणि ते थडग्यावर.

पुढे मामला आणखी रंगत गेला. इथे कंपन्यांचीही स्मारकं आहेत. एक रॉकेटच्या आकाराचं, एक कॉफीच्या कपाचं. कंपनीच्या स्मारकाशेजारी दगडी पेटी असते. भेटीला आलेल्यानं तिच्यात आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकायचं. आणि एक स्मारक तर वाळवीचं! वाळवी मारण्याचा धंदा करणाऱ्यांच्या संघटनेनं, मेलेल्या वाळवीच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून बांधलेलं. मी टोपी काढली. आमच्या सोसायटीत दर सहा महिन्यांनी पेस्ट कंट्रोल होतो आणि आजवर त्यावर झालेली चर्चा फक्त बिलाची. निवृत्त होताना उरलेली माझी शे-दीडशे कार्डं बॅगेत पडून होती. पेटी वाळवीची नव्हती, शेजारची होती, तरी एक टाकलं. वरिष्ठ व्यवस्थापक, कर्ज विभाग. इथे आणखी कुणाला देणार?

निघण्याआधी कोयासान विद्यापीठात जाणं आलंच. त्या आवारात डॉ. आंबेडकरांचा पुतळा आहे, 2015 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालेला. परक्या डोंगरावर ओळखीचा चेहरा भेटला की माणूस आपोआप सरळ उभा राहतो. सौ.नं हात जोडले आणि पदर सारखा केला. पदर नव्हता, जर्किन होतं.

आता खरी गंमत पुढे. लेकीनं बजावलं होतं, किशी स्टेशन चुकवू नका, तिथे स्टेशनमास्तर मांजर आहे. मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हे. किशिगावा लाइन तोट्यात जाऊन बंद पडायला आलेली. 2006 साली नव्या कंपनीनं ती घेतली आणि किशी या शेवटच्या स्टेशनावरची माणसं काढली. शेजारच्या दुकानदारीण बाईंची टामा नावाची तिरंगी मांजर फलाटावर बसून असायची. 2007 साली कंपनीनं तिलाच स्टेशनमास्तर नेमलं. डोक्यावर टोपी, पगारात मांजराचा खाऊ. लोक लांबून लांबून तिला पाहायला येऊ लागले आणि लाइन तगली. 2015 मध्ये टामा गेली तेव्हा हजारो लोक जमले, फलाटावर तिचं देऊळ झालं, आणि निटामा ही दुसरी मांजर त्या पदावर बसली. आमच्या बँकेत पदोन्नतीला अकरा वर्षं लागली होती.

वाटेत हाशिमोतोला गाडी चुकली. चूक शंभर टक्के माझी. गाडीची वेळ आणि माझं घड्याळ यांत मी सवयीनं दोन मिनिटं इकडेतिकडे धरली होती. इथे इकडेतिकडे नसतं. पुढच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसलो. सौ.नं उमेबोशी विकत घेतलं होतं, खारवून उन्हात वाळवलेलं उमे. जर्दाळूएवढं, लालसर, गोड दिसणारं. मी तोंडात टाकलं आणि दोन्ही कानांत घंटा वाजल्या. सौ.नं चघळून निकाल दिला, "मीठ, ऊन आणि धीर. आपल्या मुरलेल्या लिंबाची जपानातली मावशी." मग तिनं आणखी चार खाल्ली.

वाकायामाहून किशीपर्यंत 14.3 किलोमीटर, म्हणजे बोरिवली ते पार्ले. गाडी दोन डब्यांची, रंगीत, खेळण्यासारखी. मागच्या दारानं चढायचं, पुढच्या दारानं ड्रायव्हरपाशी पैसे देऊन उतरायचं. मी एक स्टेशन आधीच उठून दाराशी जाऊन उभा राहिलो. नाहीतर उतरायला मिळतं का? डब्यात आम्ही दोघं आणि शाळेचा एक मुलगा. ड्रायव्हरनं आरशातून दोनदा पाहिलं. त्याला वाटलं असणार, काकांना उलटी होतेय.

किशीला उतरलो. स्टेशनाचं छप्परच मांजराच्या तोंडासारखं, वर दोन कान. आत काचेची केबिन. केबिनीत गादी, वाटी, पाटी. मांजर नाही. तिथे झाडत असलेल्या बाईंनी घड्याळ दाखवलं. चार वाजून वीस मिनिटं. ड्यूटी दहा ते चार.

"सरकारी नोकरी असेल," सौ. म्हणाली.

गर्दी नको म्हणून निघालो होतो. ती मिळाली नाहीच, शिवाय जिच्यामुळे इथे गर्दी होते ती मांजरही नाही. फलाटावर टामाच्या छोट्या देवळाला नमस्कार केला, बाकरवडीतली एक बाहेर ठेवावी की नाही यावर दोघांत थोडा वाद झाला, नाही ठेवली. परतीच्या गाडीत बसलो. अख्खा डबा रिकामा. खिडकीला लागून लांबलचक बाक, त्यावर आम्ही दोघं.

पुढच्या स्टेशनला एक आजीबाई चढल्या, पाठीवर पिशवी, कमरेत वाकलेल्या. पस्तीस वर्षांची सवय. मी सरकलो, सौ.ला कोपरानं सरकवलं आणि हाताच्या चार बोटांएवढी जागा करून दिली. लोकलमधल्या चौथ्या सीटची.

आजीबाईंनी पूर्ण रिकाम्या डब्यावरून नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं. मग कमरेतून आणखी वाकल्या आणि येऊन बरोबर त्या चार बोटांत बसल्या.

तिघंही अंग चोरून, खांद्याला खांदा लावून. दोन स्टेशनं झाल्यावर त्यांनी पिशवीतून तीन संत्री काढली. सौ.नं बाकरवडीचं पाकीट फोडलं.