शारदीय मफिन : एक अभावमीमांसा

वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय हे सहा पदार्थ आधी मानले गेले. सातवा पदार्थ उत्तरकालीन आचार्यांनी जोडला. तो अभाव. 'जमिनीवर घट नाही' या ज्ञानाचाही काही विषय असला पाहिजे, आणि तो विषय म्हणजे घटाभाव, असा त्यांचा युक्तिवाद. उत्तर अमेरिकेत सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारापर्यंत घरोघरी भोपळ्याचे मफिन भाजले जातात. त्यांतील एक उपजाती सर्वस्वी या सातव्या पदार्थावर अधिष्ठित आहे. तिच्यात अंडे नाही, दूध नाही, गहू नाही, दाणे नाहीत, आणि ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी, म्हणजे या नसण्यांसाठीच, ती निर्माण होते. घटाभावावर शतकानुशतके ग्रंथ लिहिणाऱ्या परंपरेने मफिनस्थित अभावाकडे लक्ष दिले नाही. ती उणीव भरून काढणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम लक्षण. "घटक, उपकरणे व कर्त्याचे हात या तिन्ही ठिकाणी विवक्षित प्रतियोगींचा अभाव असताना, शरद ऋतूत, कागदी वेष्टनात, ओव्हनमध्ये भाजलेला भोपळायुक्त पिंड म्हणजे निर्बाध शारदीय मफिन." ज्याचा अभाव असतो त्याला प्रतियोगी म्हणतात, हे विज्ञ वाचकांस सांगणे न लगे.

आता पदकृत्य. 'ओव्हनमध्ये' हे पद नसते तर लक्षणाची इडलीवर अतिव्याप्ती होण्याचा धोका उद्भवला असता, कारण इडलीतही अंडे, दूध व गहू नसतात आणि तीही साच्यात फुगते. 'भोपळायुक्त' हे पद कोकणातील तवसोळीच्या व्यावृत्तीसाठी आहे. तांदळाचा रवा, काकडी, गूळ व खोबरे यांची ही सिद्धी निर्बाधत्वाच्या सर्व अटी पुरवते, तेव्हा तिला वगळणे सोपे नव्हते. परंतु काकडी आणि भोपळा एकाच कुलातील असले तरी एक नव्हेत. 'कर्त्याचे हात' या पदाचे प्रयोजन पुढे तूपप्रकरणात स्पष्ट होईल.

भोपळ्याविषयी एक शोध येथेच नोंदवला पाहिजे. अमेरिकेत हॅलोविनला कोरून दारात ठेवतात तो नारिंगी भोपळा सामान्यतः कुकुर्बिटा पेपो या जातीचा असतो. इलिनॉय राज्यातील मॉर्टन येथे डबाबंद होणारा लिबीज कंपनीचा भोपळा डिकिन्सन नावाच्या वाणाचा, म्हणजे कुकुर्बिटा मोशाटा जातीचा असतो. आपल्या मंडईतला लाल भोपळा बहुधा याच जातीचा. यावरून असा सिद्धान्त निघतो की, एडिसन या अमेरिकी गावातील मराठी गृहस्थ जेव्हा डबा उघडतो तेव्हा तो परकीय फळाशी नव्हे, तर घारग्यांच्या मूलद्रव्याशीच व्यवहार करीत असतो. सिद्धान्त स्वतंत्र प्रबंधाला पुरेल इतका आहे, येथे एवढेच.

इतिहास थोडक्यात. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' ही संज्ञा १९०६ मध्ये रूढ केली. परंतु शास्त्राचा प्रयोग संज्ञेच्या आधीचा आहे. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडे सोसत नसे, यीस्टही सोसत नसे. बर्ड यांनी १८३७ मध्ये अंड्यावाचून कस्टर्ड सिद्ध केले आणि १८४३ मध्ये यीस्टवाचून पीठ फुगवणारी पूड. आज जगभर जी बेकिंग पावडर वापरली जाते तिच्या मुळाशी असलेले हे दाम्पत्यप्रेम या शास्त्राचे प्रस्थान मानावे, असे आमचे मत आहे.

प्रतियोगी किती? अमेरिकी कायद्याने २००४ मध्ये आठ मानले: दूध, अंडे, मासे, कवचधारी जलचर, वृक्षज सुकामेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन. २०२१ च्या दुसऱ्या कायद्याने नववा मानला, तीळ. अंमल १ जानेवारी २०२३ पासून. युरोपीय संघ चौदा मानतो, ज्यात मोहरीचाही समावेश असल्यामुळे तेथे आपल्या फोडणीचा पहिला तडतडाटच प्रतियोगी ठरतो. आम्ही नवप्रतियोगिवादी आहोत. मासे आणि कवचधारी जलचर यांचा मफिनमध्ये अभाव साधणे मात्र विशेष प्रयत्नावाचून घडते, म्हणून व्यवहारतः सातच.

नैयायिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले. मफिनशास्त्रात ते असे उतरतात.

१. प्रागभाव. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा अभाव. याला आरंभ नाही, अंत आहे. पाककृतीच्या शेवटच्या ओळीत 'वरून अक्रोडाचे तुकडे पेरावेत' असे लिहिलेले असते. त्या ओळीपर्यंत मिश्रणात अक्रोडाचा जो अभाव नांदतो तो प्रागभाव. अननुभवी कर्ता त्यावर विसंबतो.

२. प्रध्वंसाभाव. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव. याला आरंभ आहे, अंत नाही. पेरलेले अक्रोड वेचून काढले असता तो प्राप्त होतो, असे काही आप्तेष्ट प्रतिपादन करतात. "काढलेत ना सगळे, आता काय राहिलंय?" हे त्यांचे सूत्र. ते अग्राह्य होय. अक्रोड निघतो, त्याचे प्रथिन निघत नाही. असा मफिन संबंधित बालकाला देणे शास्त्रबाह्य आहे. तो वेचणाऱ्यानेच खावा.

३. अत्यंताभाव. वायूमध्ये रूप नसते, नव्हते आणि असणार नाही, त्या जातीचा त्रैकालिक अभाव. हेच या शास्त्राचे परम साध्य. यासाठी केवळ जिन्नस बदलून भागत नाही. चरे पडलेला साचा, लाकडी डाव, पिठाची चाळण आणि ओट्यावरचा फडका यांचा पूर्वेतिहास तपासावा लागतो. ज्या फडक्याने कालच्या पोळ्यांचा ओटा पुसला त्याला आज प्रवेश नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजींना हे तत्त्व समजावण्यास सुनांना आठवडे लागतील अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात एक वाक्य पुरते. आजींना सोवळे ठाऊक असते. वेगळी भांडी, वेगळे फडके, आधी हे करून मग ते, आणि मध्ये कोणी शिवायचे नाही. शाळेच्या परिपत्रकात दोन पाने खर्चून सांगितलेली गोष्ट त्यांनी बालपणीच आत्मसात केलेली असते. फरक एवढाच की येथे विटाळ सूक्ष्म असून सप्रमाण आहे.

४. अन्योन्याभाव. 'घट पट नव्हे' या स्वरूपाचा. 'हा मफिन नेहमीच्या मफिनसारखा नाही,' असे जे पाहुणे पहिल्या घासाला म्हणतात, ते याच अभावाचे ज्ञान प्रकट करीत असतात. त्यावर उत्तर देऊ नये.

अंड्याच्या स्थानी काय, हा या शास्त्रातील सर्वांत जुना वाद असून त्यात तीन संप्रदाय आढळतात. जवसवादी म्हणतात, एक मोठा चमचा जवसाची पूड व तीन मोठे चमचे पाणी दहा मिनिटे स्थिर ठेवले असता जी बुळबुळीत अवस्था येते तीच अंड्याची जागा घेते. जलवादी डबाबंद छोल्यांचे पाणी घेतात. तेही तीन मोठे चमचे. ही पद्धत २०१४-१५ च्या सुमारास प्रसिद्धीस आली, म्हणून जुने जवसवादी तिला अर्वाचीन म्हणून हिणवतात. तिसरे केवलभोपळावादी. त्यांच्या मते पाव वाटी शिजवलेला भोपळा हाच एक अंडे होय, आणि भोपळा मफिनात आधीच असल्याने आणखी काही करण्याची गरजच नाही. या संप्रदायात लाघव आहे. मात्र त्यांचे मफिन मध्यभागी खचतात. आम्ही जवसवादाकडे झुकतो. चटणीसाठी जवस घरात असतेच, हे त्याला अनुकूल असे गौण कारण.

गव्हाच्या स्थानी ज्वारी. ग्लुटेनमुक्त म्हणवण्यासाठी अमेरिकेत दशलक्ष भागांत वीसपेक्षा कमी भाग ग्लुटेन ही मर्यादा आहे. तिच्या छायेत सोलापूरकरांचे रोजचे पीठ तेथील दुकानात लहान पिशवीतून, मोठ्या किमतीने आणि आदराने विकले जाते. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून भाकरी थापताना कडा भंगतात आणि मफिन फुगून विखुरतो. दोषाचे कारण एकच. पाश्चात्त्य शाखा त्यावर झॅन्थन गम घालते. दाक्षिणात्य शाखा पिठाचा चौथा हिस्सा उकळत्या पाण्यात भिजवून त्याची उकड घालते. दोन्हींनी धरते. गव्हाच्या मफिनचे मिश्रण जास्त ढवळू नये, ढवळल्यास आत बोगदे पडतात, असा जो प्रसिद्ध निषेध आहे तो येथे लागू होत नाही, कारण ताणले जाण्यासाठी ग्लुटेनच नाही. उलट मिश्रण वीस मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे पीठ पाणी पिते आणि रवाळपणा जातो.

येथे एका महादोषाची चर्चा अपरिहार्य आहे. त्यास आम्ही प्रतियोगिसंक्रमण म्हणतो. गहू काढावा तर पाककृती बदामाचे पीठ सुचवते. लोणी काढावे तर मार्गरिनमध्ये सोया निघतो. शेंगदाण्याचे लोणी काढावे तर तिळाचे पुढे येते. एक प्रतियोगी गेला की त्याच्या रिक्त आसनावर दुसरा येऊन बसतो. नारळाच्या दुधाबाबत मात्र शुभ वर्तमान आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये नारळाला वृक्षज सुकामेव्याच्या यादीतून वगळले. ज्यांना प्रत्यक्ष नारळच बाधतो ते सोडून इतरांसाठी कोकणी पक्षाचा हा विजय निर्णायक मानावा.

सूर्यफुलाच्या बियांचे लोणी हा सर्वांत निरुपद्रवी पर्याय समजला जातो, आणि तो आहेही. परंतु त्याचा खाण्याच्या सोड्याशी संयोग झाल्यास मफिन निवताना आतून हिरवा होतो. बियांतील क्लोरोजेनिक आम्ल अल्कधर्मी परिसरात हा वर्णविकार घडवते. खाण्यास तो निर्दोष आहे. हॅलोविनच्या सप्ताहात या विकारास गुण मानणारा एक पक्ष आहे. अन्य काळी सोडा कमी करून लिंबाचा रस घालावा.

आता तूपप्रकरण. 'दूध नको ना, मग चमचाभर तूप घातलंय' हे वाक्य ज्या स्वयंपाकघरात उच्चारले गेले नाही ते स्वयंपाकघर मराठी नव्हे. पूर्वपक्ष असा: तूप कढवलेले असते, बेरी गाळलेली असते, आणि तूप तर औषध आहे. उत्तरपक्ष: गाळल्यानंतरही दुग्धप्रथिनांचे अंश राहतात, आणि ॲलर्जी त्या अंशांचीच असते. दूध न पचणे निराळे, दुधाची ॲलर्जी निराळी. पहिल्यात पोट बिघडते, दुसरीत श्वास कोंडू शकतो. तेव्हा साच्याला तूप नाही, आणि तूप लागलेल्या हातांना कागदी वेष्टन नाही. औषधत्वाचा मुद्दा या निबंधाच्या कक्षेबाहेरचा.

प्रमाणविचार. अभाव कोणत्या प्रमाणाने कळतो? भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात: घट असता तर दिसला असता; दिसत नाही, म्हणून नाही. परंतु वेष्टनावरील अक्षरांना हे प्रमाण लावू नये. 'यात दाण्यांचे अंश असू शकतील' ही सूचना अमेरिकेत ऐच्छिक आहे. ती छापलेली नाही यावरून अंश नाहीत असे अनुमान करणे हा हेत्वाभास होय. उत्पादकास पत्र लिहून विचारावे. उत्तर आल्यास तेच आप्तवाक्य. तिळाच्या बाबतीत तर काही पाव उत्पादकांनी यंत्रे तिळमुक्त ठेवण्यापेक्षा तीळ मुद्दाम घालून तसे वेष्टनावर छापणे पत्करले. अभाव जड वाटल्याने भाव स्वीकारल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

मफिन भाजला गेला हे कसे कळते? सुगंध हे अनुमान, टूथपिकला कच्चे मिश्रण न लागणे हे प्रत्यक्ष, पाककृतीतील '३५० अंश फॅरनहाइट, २२ मिनिटे' हे शब्द. तिन्हींत विरोध आल्यास टूथपिक बलवत्तर.

शून्यवाद्यांचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. २०१४ पासून अमेरिकेत एका ॲलर्जीविषयक संस्थेच्या प्रेरणेने काही घरे हॅलोविनला दारात निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवतात. त्याचा अर्थ, येथे मुलांना खाऊ नव्हे तर पेन्सिली, खेळणी असे काही मिळेल. प्रतियोगी एकेक काढण्याऐवजी अन्नाचाच अभाव करावा, हे त्यांचे दर्शन. तर्कदृष्ट्या ते अभेद्य आहे. परंतु त्यात मफिन उरत नाही, म्हणून आम्ही ते स्वीकारू शकत नाही.

शेवटी शेषविचार. भोपळ्याच्या एका डब्यात पावणेदोन कप गर असतो आणि बारा मफिनांना एक कप लागतो. उरलेल्या पाऊण कपाचे काय, यावर पाश्चात्त्य ग्रंथ मौन धरतात आणि डबा शीतकपाटात बुरशीस प्राप्त होतो. आजी त्याचे घारगे करायला घेतात. हेतू उत्तम, परंतु कणीक उडते, आणि अर्ध्या तासापूर्वी सिद्ध झालेला अत्यंताभाव ओट्यावरच भंग पावतो. यासाठी कोकणी पद्धतीने तांदळाच्या पिठाचे घारगे करावेत, अथवा मफिन निववून, डब्यात भरून, डबा दुसऱ्या खोलीत नेल्यावरच कणकेचे झाकण उघडावे. आणि हेही ध्यानात घ्यावे की अनेक शाळा घरचे पदार्थ घेतच नाहीत; मफिन भाजण्यापूर्वी बाईंना विचारावे. ज्वारीचे मफिन दुसऱ्या दिवशी कोरडे पडतात, म्हणून उरलेले त्याच रात्री फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि डब्यावर तारखेबरोबर आतल्या सगळ्या जिनसांची नावे लिहावीत.