उजवा कान उचलून

तो तुम्हाला ठाऊक आहेच. भंडाऱ्याच्या बसस्टँडसमोर, तुमसरच्या धान्यबाजारात, साकोलीच्या मोबाइल दुकानात, कुठेही सापडतो. डोक्यावर काळा, जाड गाद्यांचा हेडफोन, आणि काहीही विचारलं की दोन बोटांनी उजवा कप उचलून ठरलेलं उत्तर : "काय म्हन्ता जी?" चहावाला पैसे मागतो, "काय म्हन्ता जी?" आई भात वाढू का म्हणून विचारते, "काय म्हन्ता जी?" मुलगी पाहायला गेला आणि भावी सासऱ्यानं पगार विचारला, तेव्हाही कप उचलला गेलाच, फक्त हा प्रश्न त्याला पहिल्याच वेळी ऐकू आला होता, अशी गावाची खात्री आहे. ऐकायचं जितकं कमी, तितकं बोलायचं जास्त, हा त्याचा स्वभाव. तुम्ही हेडफोन घेणार असल्याची कुणकुण लागू द्या, की सोनी, बोस आणि अ‍ॅपल यांचं कीर्तन सुरू. सोनीचा एक्सएम फाइव्ह घ्या, नाही तर घेऊच नका. दोन-अडीच हजारांचा म्हणजे कानात कापूस! तुम्ही शंका काढावी, तर कप पुन्हा वर.

शंका मात्र काढायलाच हवी, कारण त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. गोंगाट मारणारं हे यंत्र कशासाठी जन्मलं ते आधी पाहावं. १९७८ मध्ये बोस कंपनीचे अमर बोस झुरिकहून बोस्टनला विमानानं जात होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधलं संगीत इंजिनाच्या घरघरीत बुडून गेलं, तेव्हा त्या घरघरीलाच उलटा आवाज सोडून मारता येईल का, याचं गणित त्यांनी प्रवासातच मांडलं. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. तत्त्व आजही तेच : बारीक मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडते. १०० हर्ट्झच्या घरघरीची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, त्यामुळे तिला गाठायला यंत्राला सवड मिळते. ३००० हर्ट्झच्या किणकिणाटाची लहर जेमतेम ११ सेंटिमीटर. तिथे उत्तराला किंचित उशीर झाला तरी नेम चुकतो. म्हणून एका सुरात चालणारी जाड घरघर मरते. टोकदार, अचानक आवाज बराचसा निसटून आत येतो आणि त्याला अडवायचं काम शेवटी गादीच करते.

आता भंडाऱ्याचा गोंगाट ऐका. हे पितळेचं शहर. भांड्यावर पडणारा हातोड्याचा ठोका म्हणजे टोकदार आणि अचानक, दोन्ही. महामार्गावरच्या ट्रकचे हॉर्न तसेच, कुकरची शिट्टी तशीच, आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडई-जत्रेतल्या भोंग्यांवर किंचाळणारी गाणीही तशीच. वरातीच्या डीजेचा ठोका जाड असतो हे कबूल, पण तो कानाआधी छातीत शिरतो, आणि छातीला लावायचा कप अजून कुठल्या कंपनीनं काढलेला नाही. उलट मोटार-पंख्याचा कूलर, एसटीचं इंजिन, राइस मिलची मोटार, भंडारा रोडहून नागपूरला जाणारी गाडी, ही सगळी या यंत्राची हक्काची गिऱ्हाइकं. गंमत अशी की ती स्वस्त यंत्राचीही गिऱ्हाइकं आहेत. दहा डेसिबल कमी झाले तरी कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, आणि कूलरच्या बाबतीत एवढं काम अडीच हजारांचा बरा हेडफोनही करतो. शिवाय कूलर लागतो तेव्हा पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो. त्या दिवसांत तीस हजारांच्या गाद्या कानाभोवती बांधून बसणं ही तपश्चर्या आहे. घाम ब्रँड पाहून येत नाही.

यावर त्याची उत्तरं तयार असतात, आणि ती ऐकून घ्यायला हवीत (एवढी सवलत तो आपल्याला देत नाही, ते सोडा). महाग ते टिकतं, हे पहिलं. पण आतली लिथियमची बॅटरी महागातही म्हातारी होते, गादीचं नकली चामडंही सोलतं, आणि महागाची दुरुस्तीही महागच. दुसरं, गाण्याची गोडी. ती असते, पण फुकटातल्या अ‍ॅपवरचं दाबून बारीक केलेलं गाणं ब्लूटूथवरून ऐकणाऱ्याला त्या गोडीतलं किती मिळणार? तिसरं उत्तर वजनदार आहे : गोंगाटात माणूस आवाज वाढवत नेतो आणि कान गमावतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल ही मोठ्या माणसाची मर्यादा सांगते, आणि घरघर कापली की आवाज कमी ठेवता येतो. अगदी मान्य. पण हा युक्तिवाद यंत्राच्या बाजूचा झाला, किमतीच्या नव्हे. खोक्यावरच्या "पन्नास डेसिबल"वरही भाळू नये. असा आकडा बहुधा घरघरीच्या एखाद्या सोयीच्या पट्टीवर साधलेला असतो, माणसाच्या बोलण्यावर नव्हे. महागडा खरोखर जिंकतो तो दोन-तीन ठिकाणी : आजूबाजूचं बोलणं तो जास्त दाबतो, चष्म्यावर तासन्‌तास बोचत नाही, आणि वाऱ्यातही फोनवर तुमचा आवाज पलीकडे नीट पोचवतो. रोज नागपूरची गाडी धरणाऱ्यानं, घरून दिवसभर मीटिंगा करणाऱ्यानं तो खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी नागपूरच्या सीताबर्डीवर जाऊन डोक्यावर चढवून पाहावा आणि मधल्या किमतीचा घेऊन परत यावं.

मग आपला हा गडी गाडीनं जात नाही, मीटिंगा करत नाही, तरी त्यानं तीस हजार का घातले? इथे नाइलाजानं त्याची बाजू घ्यावी लागते. महागडा हेडफोन बोलणं दाबतो, आणि त्याच्या घरात बोलणंच आहे. दोन खोल्या, तीन पिढ्या, एक टीव्ही, आणि जे दार बंद करावं, तीच शेजाऱ्यांचीही वाट. वरठीच्या पोलाद कारखान्यात किंवा जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपायला खोली कुठून आणायची? स्पर्धा परीक्षेचं पुस्तक कुठल्या कोपऱ्यात उघडायचं? बंगल्यात राहणाऱ्याला एकांत वास्तूबरोबरच मिळतो. याला तो बिनव्याजी म्हणवणाऱ्या किस्तींवर घ्यावा लागतो. माझा हिशेब डेसिबलचा होता. त्याचा चौरस फुटांचा आहे, आणि त्या दरानं तीस हजारांत जिल्ह्यात कुठेही खोली बांधून मिळत नाही.

आणखी एक मान्य करून टाकतो. पोलीस भरतीची लेखी परीक्षा जवळ आली की मोहल्ल्यातली पोरं तोच हेडफोन पाळीपाळीनं नेतात. मागणाऱ्याला दुसऱ्यांदा मागावं लागत नाही. देताना भाषण असतंच : गादी ओल्या केसांवर ठेवू नको, पावसात काढू नको, चार्जर कंपनीचाच लाव. मग आठवडाभर हा स्वतः कूलरची घरघर, आजीचा खोकला आणि टीव्हीवरची भांडणं उघड्या कानांनी ऐकत बसतो. परत आलेल्या हेडफोनवर ओरखडा असला तरी पोराला बोलत नाही. सात किस्ती अजून बाकी आहेत, तेही कुणाला सांगत नाही.