सात बेटं आणि एक फाईल

सुट्ट्या जवळ आल्या की रविवारच्या पुरवण्यांना बेटांचा झटका येतो. ‘स्थानिकांना आवडणारी ठिकाणं’ असा मथळा, खाली बाली, मॉरिशस नाहीतर अंदमान. निळं पाणी, शहाळं, शहाळ्यात नळी आणि दोन माडांना बांधलेल्या झोळीत पडलेला एक सुखी माणूस. हा झोळीतला माणूस स्थानिक असतो म्हणे. भर दुपारी झोळीत पडून राहणारा स्थानिक आमच्या तरी पाहण्यात नाही. आमच्या गावात, धाराशिव जिल्ह्यातल्या अणदुरात, झोळीत लेकरू निजतं, आणि तेवढ्या वेळात त्याची आई खुरपणीची एक पात उरकते.

हवामानात मात्र आम्ही कुणाला हार जात नाही. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या डोक्यावरून, मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे अख्खा महाराष्ट्रच उष्ण कटिबंधात. त्यातही अणदूर अठराव्या अक्षांशाच्या खाली. मॉरिशस विषुववृत्ताच्या पलीकडं विसाव्या अंशावर, हवाई अलीकडं त्याच्याच आगेमागे. हिशेबानं पाहिलं तर आम्ही या दोघांपेक्षा जास्त ‘ट्रॉपिकल’. पटत नसेल त्यानं एप्रिलात दुपारी एक वाजता महामार्गावर एसटीची वाट बघत उभं राहावं. कमी आहे तो फक्त समुद्र.

आणि बेट म्हणाल तर तेही आहे, एका रात्रीच्या अंतरावर. सोलापूर गाठायचं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये अंग मुडपून बसायचं, आणि उजाडायच्या सुमाराला बेटावर उतरायचं. मुंबई. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम अशी सात बेटं शाळेत पाठ केली होती, ती परीक्षेत आली नाहीत, आयुष्यात आली. १६६८ साली इंग्लंडच्या राजानं ही सगळी कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्यानं देऊन टाकली. त्यानंतर इतक्या स्वस्तात तिथं कुणाची सोय झालेली नाही. बेटाचे स्थानिक कोण, हा वाद तिथं १९६६ पासून जोरात आहे, त्यात आम्ही पडत नाही. कोळ्यांना विचारलं तर निकाल एका मिनिटात लागेल, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. पण वर्षानुवर्षं जाऊन-येऊन आमचीही तिथं काही आवडती ठिकाणं झाली आहेत. पुरवणीवाल्यांनी विचारलं नाही, तरी सांगतो.

पहिला मान मंत्रालयाचा. सात बेटांपैकी एकाही बेटावर ते नाही. समुद्रात भराव टाकून काढलेल्या जमिनीवर ते उभं आहे, त्यामुळं तिथं पाय जमिनीवर नसतात ही तक्रार भूगोलाला धरून आहे. सर्वसामान्य माणसाला आत सोडण्याची वेळ दुपारी दोननंतर. मोठ्या पर्यटनस्थळांना असतं तसं आता आगाऊ नोंदणीचं ॲपही आहे, ‘डिजी प्रवेश’ नावाचं. दारात चेहरा ओळखणारं यंत्र बसवलंय. ते आमच्या माणसांना फारच आवडलं. इतक्या खेपा घातल्या, तिथं आपला चेहरा ओळखणारं पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं.

बेट म्हटलं की साहसी खेळ आलेच. कुठं दोरीला लटकून दरी ओलांडतात, कुठं कड्यावरून पाण्यात उडी मारतात. मंत्रालयात जाळी आहे. वरच्या मजल्यांवरून माणसं उड्या टाकायला लागली म्हणून २०१८ मध्ये मधल्या चौकात ती बांधली. माणूस अर्ज हातात घेऊन कठड्यापर्यंत का येतो, हे शोधण्यापेक्षा जाळी स्वस्त पडते. बरीच वर्षं तिच्यावर अर्जदारांचाच हक्क होता. ४ ऑक्टोबर २०२४ ला खुद्द विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी तीत उडी घेतली, बरोबर आणखी काही आमदार. आरक्षणाचा प्रश्न होता, सरकारात त्यांचाच पक्ष होता. सभागृहाच्या उपाध्यक्षालाही म्हणणं मांडायला जाळीत उतरावं लागतं म्हटल्यावर, तहसीलला तीन वेळा परत पाठवलेल्या माणसानं मनाला लावून घेऊ नये, असा आधार आम्हाला त्यातून मिळाला.

जेवणाखाण्याचं ठिकाण म्हणजे आमदार निवासाचं कँटीन. आमदारसाहेबांच्या खोलीत पलंग साहेबांचा असतो, जमीन मतदारसंघाची. चटईला चटई लावून सतरा गावं झोपतात. जमिनीचं इतकं समान वाटप महसूल खात्याला जमलेलं नाही. तिथल्या स्वयंपाकाबद्दल आम्ही मत देत नाही. ते मत जुलै २०२५ मध्ये बुलढाण्याच्या आमदारांनी आकाशवाणी आमदार निवासात, वरण शिळं निघालं म्हणून कँटीनच्या माणसाला ठोसे लगावून दिलं, आणि ते सगळ्या देशानं पाहिलं. आम्ही तेच वरण वर्षानुवर्षं मुकाट्यानं भुरकत आलो. पर्यटकानं अन्नाला नावं ठेवू नयेत.

आता गाडी पोचते सकाळी, मंत्रालय उघडतं दुपारी. मधले सहा-सात तास काढायला बेटावर एकच जागा आहे, मरीन ड्राइव्हचा कठडा. बसायला पैसे पडत नाहीत, ऊठ म्हणायला सहसा कुणी येत नाही. कठड्यावरचा आमच्याकडचा माणूस लांबून ओळखू येतो. बाकीचे समुद्राकडं तोंड करून बसतात, हा रस्त्याकडं. मांडीवर पिशवी, पिशवीत फाईल, फाईलला खताच्या पिशवीतल्या आतल्या प्लॅस्टिकचं आवरण आणि त्यावर पालथा हात, कारण भरतीचं पाणी कधी अंगावर येईल सांगता येत नाही आणि सातबाऱ्यावरची शाई फार पातळ. फाईलवर जिल्ह्याचं नाव दोनदा, खोडलेलं उस्मानाबाद आणि वर लिहिलेलं धाराशिव. २०२३ ला नाव बदललं, आत कागद तेच आहेत. एखादा अतिवृष्टीचा पंचनामा, एखादा पीकविम्याचा. खरीप २०२० चा विमा तर आमच्या जिल्ह्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला. त्या मानानं मंत्रालय जवळच म्हणायचं.

मग फडकं सुटतं. कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा. कडक भाकरी ही समुद्रावर खायची वस्तू नव्हे. खाऱ्या दमट हवेत ती अर्ध्या तासात नरम पडते, मोडताना आवाजच करत नाही. आमच्याकडं ती आठवडाभर कडक राहते, तिथं अर्जदाराच्या आधी ती हार मानते. शेजारी पळून दमलेले, कानात गाणी घातलेले लोक मांड्या ताणत उभे असतात. ते याच्याकडं बघत नाहीत, हा त्यांच्याकडं बघतो. विनाकारण पळणारी माणसं बघायची, तीही पैसे न देता, हे त्या बेटावरचं सगळ्यात सुंदर दृश्य आहे असं आमचं प्रामाणिक मत आहे.

मुक्काम वाढला तर आझाद मैदान. राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांचे तंबू एकाच ठिकाणी बघायचे असतील तर एवढं सोयीचं ठिकाण दुसरं नाही. शिक्षक, आशाताई, कंत्राटी कामगार, कुणाचं उपोषण नवं, कुणाचं जुनं. पण गर्दी म्हणावी ती २०२५ च्या ऑगस्टअखेर. मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले आणि मराठवाडा रेल्वेनं, टेम्पोनं, मिळेल त्या गाडीनं बेटावर उतरला. पावसात माणसं सीएसएमटीच्या फलाटांवर झोपली, गावोगावच्या बायकांनी थापलेल्या भाकरी गाड्या भरून मागोमाग आल्या. पाचव्या दिवशी, २ सप्टेंबरला, शासन निर्णय निघाला, हैदराबाद गॅझेटचा. कुणाला काय मिळालं, कुणाचं काय गेलं, यावर गावात अजून दोन पार आहेत आणि दोन्ही पारांवर आमचे सोयरे बसतात, म्हणून तो विषय इथंच ठेवू. गंमत फक्त कागदाच्या प्रवासाची. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. तेव्हाचा पुरावा हैदराबादचा, त्यावर सही मुंबईची, आणि आम्ही पुणे-हैदराबाद महामार्गावर मधोमध. कागद इकडून तिकडं आमच्या दारावरूनच जातो, थांबत नाही.

सात बेटांपैकी आमचा जिल्हा खऱ्या अर्थानं ओळखतो ते परळ. तिथं कुणी हौसेनं जात नाही. केईएम १९२६ चं, टाटा १९४१ चं, आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्या आमच्या माणसांना तोंडपाठ. केसपेपर कुठं, रक्त कुठं, स्वस्तात झेरॉक्स कुठं, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत नंबर कसा लावायचा. साधं दुखणंखुपणं निघालं तर अणदुरात हॅलो मेडिकल फाउंडेशनचा दवाखाना आहे, ते तिथं भागतं. मोठं निघालं की परळ. ज्याच्या घरातलं माणूस तिथून बरं होऊन आलं, तो पुढं कधीही मुंबईचं नाव निघालं की आधी परळचंच सांगतो. राणीची बाग, गेटवे वगैरे नंतर, आठवलं तर. पुरवणीत या बेटाचा फोटो येणार नाही. पुलाखाली पथारी टाकून बसलेले नातेवाईक पानाच्या रंगसंगतीत बसत नाहीत.

समुद्र मात्र आमच्यातल्या पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिला तो दादरला, सहा डिसेंबरला. चैत्यभूमीच्या रांगेत रात्र काढायची, दर्शन घ्यायचं, शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलवरून एक तरी पुस्तक घ्यायचं, आणि मग चौपाटीवर पाय ओले करून परत गाडी धरायची. तिथं जाणाऱ्याकडं फाईल नसते. या बेटावर काहीही मागायला न जाता जाण्याचं आमचं हे एवढंच ठिकाण.

तुम्ही म्हणाल, अहो, गावचा माणूस काम सोडून नुसता फिरायला कधी जातच नाही का? जातो की. पण त्यातला खरा पर्यटक एकच, आमचा खंडोबा. सव्वादहा महिने देव अणदुरात, पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपुरात. देऊळ दोन, मूर्ती एक. मार्गशीर्षात इथली यात्रा झाली की देव तिकडं निघतो, पौष पौर्णिमेला तिकडची मोठी यात्रा भरते, मग परत. आणि हे सगळं लेखी. दोन्ही गावांचे मानकरी समोरासमोर बसतात, देव कधी नेणार, कधी परत आणून देणार याचा करार होतो, मगच मूर्ती हलते. कराराला जीआर नाही, आवक-जावक क्रमांक नाही, ‘पुढील मंगळवारी या’ नाही. ठरलेल्या दिवशी येळकोटाच्या गजरात, भंडाऱ्याच्या धुरळ्यात देव पोचलेला असतो. कागदावर लिहिलंय म्हणून एखादी गोष्ट तारखेला घडते, हे बघायला मंत्रालयातल्या एखाद्या कक्ष अधिकाऱ्यानं रजा काढून यावं. राहायची सोय आम्ही करू, चटई आहे.

देवानं फिरायला नळदुर्ग निवडला, यात त्याची रसिकता दिसते. बोरी नदी किल्ल्याला वळसा घालून जाते, नदी नाही तिथं खंदक. म्हणजे जवळजवळ बेटच. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन किल्ल्यांमध्ये नदीवर बांध घातला आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल काढला. शिलालेखात साल १६१३, घडवणारा मीर इमादीन. पावसाळ्यात वरचं बोरी धरण भरून पाणी सुटलं की बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो, गडगडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि आपण आत कोरडे. चारशे वर्षांपूर्वीच्या सरकारी बांधकामात गळती एवढी कमी. पण हे सुख पाऊस देईल तेव्हा. ज्या वर्षी धरण भरत नाही, त्या वर्षी नर-मादी दोघंही कोरडे, नुसता दगड बघायचा.

धबधबा सुरू झाल्याचे व्हिडिओ फिरले की शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्यांची रांग लागते. पुण्याच्या, हैदराबादच्या, अधूनमधून मुंबईच्या. काच खाली होते, मंडळी अगत्यानं विचारतात, “काका, हे तर सगळेच बघतात. तुम्ही इथले लोक फिरायला कुठं जाता?”

“मुंबईला,” आम्ही सांगतो. आणि काच वर जायच्या आत घाईनं विचारून घेतो, “मंत्रालयात कुणी ओळखीचं आहे का हो?”