पाहुणा येतोय, चहा टाकू नका

ब्रिटनमध्ये 'पिप' हा अपंगत्व भत्ता मागितला की तपासनीस कधीकधी घरीच येतो. अशा वेळी तिथल्या मराठी माणसाने संस्कार गुंडाळून ठेवावेत. घर आवरू नये. आवरलेलं घर हा तुमच्याविरुद्धचा पुरावा. दार स्वतः उघडलंत? म्हणजे चालता येतं. चहा केलात? उभं राहता येतं. कप नीट धरलात, तर बोटंही ठणठणीत. आणि "कशा आहात?" याला सवयीने "बरी आहे" म्हणालात की संपलंच, तेही टिपून घेतलं जातं.

परीक्षाही उलटी. जितकं जमत नाही तितके गुण जास्त; 8 गुणांना साधा दर, 12 ला वरचा. चालण्याचे पूर्ण 12 गुण हवेत तर हद्द 20 मीटर. 2013च्या आधीच्या भत्त्यात ती साधारण 50 मीटर धरत. एवढ्यात पाय कुणाचे सुधारले, देव जाणे.

तेवढं अंतर सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत चालता येतं का, हेही पाहावं असा नियम आहे. तपासनिसाला तो पाठ असतो. आठवण मात्र तुम्ही करून द्यायची; बसल्या जागेवरून.