अव्वल कारकुनाचा निवाडा

डोळा हा निःपक्षपाती न्यायाधीश आहे, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात त्या आसनावर एक मुरलेला अव्वल कारकून विराजमान असून, नवे प्रकरण पुढे आले की ते वाचण्याचे कष्ट न घेता तो जुन्या दफ्तरातील तत्सम मिसल काढतो आणि तिचाच फैसला उतरवून मोकळा होतो. हेल्महोल्ट्झ नामक जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकातच या कारभारास 'अबोध अनुमान' असे भारदस्त नाव दिले. स्वतःच्या तालुक्यात या कारकुनाचे काम बिनबोभाट चालते, हे कबूल केले पाहिजे. पंचाईत होते ती बदली झाल्यावर.

आमचे तात्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. कोकणातील दमट, धूसर हवेत दूरचा डोंगर निळसर व पुसट दिसतो आणि जवळचा ठसठशीत. एवढ्या दाखल्यावर त्यांच्या नजरेने उभी हयात अंतरे ठरविली, आणि साखळी टाकून पाहता ती बहुधा खरीही निघाली. पुढे पुतण्याच्या आग्रहास्तव ते लडाखला गेले. तेथील हवा विरळ, कोरडी. समोरच्या टेकडीवरील गोंपाची खिडकीन् खिडकी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ. "हा काय, हाकेच्या अंतरावर!" असे म्हणून तात्या चहापूर्वी परतण्याच्या बोलीने निघाले, आणि दुपार कलली तरी गोंपा जवळ येण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा धापा टाकीत त्यांनी शेरा मारला, "या मुलखाची फेरमोजणी झाली पाहिजे."

तात्यांस हसण्याचे कारण नाही. काँगोच्या इतुरी अरण्यात, जेथे दृष्टीस चार झाडांपलीकडे मुभाच नसते, तेथे वाढलेल्या केंगे नामक सोबत्यास मानववंशशास्त्रज्ञ कॉलिन टर्नबुल यांनी उघड्या माळरानावर नेले, ती हकिकत त्यांच्या १९६१ सालच्या ग्रंथात आहे. काही मैलांवर चरणारे रानरेडे पाहून केंगेने विचारले, हे कोणते किडे? मोटार पुढे जाऊ लागली तसतसे ते मोठे होत गेले, आणि त्यास चेटकाचा संशय आला. किडे डोळ्यांदेखत फुगून रेडे होत असता दुसरा कोणता संशय यावा, हे मला तरी सुचत नाही.

चंद्रावर तर हवाही नाही, झाडही नाही, घरही नाही. दफ्तर धुंडाळावे तर एकही मिसल लागू पडत नाही. १९७१ साली अपोलो १४ मधील शेपर्ड आणि मिचेल 'कोन' विवराचा काठ शोधीत दमले आणि तो अगदी थोड्या अंतरावर असता माघारी वळले. ही वार्ता मी तात्यांस सविस्तर वाचून दाखविली. तपकिरीची चिमूट ओढून ते क्षणभर विचारमग्न झाले आणि खात्याच्या जुन्या करड्या स्वरात म्हणाले, "साखळी नेली नव्हती काय बरोबर?"